बर्फातल्या कोंबडीचा हिशोब

श्रावण लागला की कोंबडीचा भाव उतरतो, हे चिकनच्या दुकानावर वाढलेल्या आमच्यासारख्या पोरांना कॅलेंडर न बघता कळतं. आषाढ संपता संपता गटारीला एकदा उधाण येतं, दुकानासमोर छत्र्यांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून सत्तूर ठोकळ्यात रोवलेला तसाच राहतो. पुढे गणपती, मग नवरात्र. पण पोल्ट्रीतली कोंबडी कुणाच्या उपवासासाठी थांबत नाही. बॉयलरचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातं. त्यानंतर ते शेडमध्ये जितके दिवस राहील तितके दिवस खाद्य खातं आणि पोल्ट्रीवाल्याच्या अंगावर पडतं. म्हणून तो मिळेल त्या भावाला माल सोडून मोकळा होतो.

माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात याच दिवसांत एक बेत शिजला. अब्बांच्या इंतिकालनंतर जव्हारचं दुकान तोच चालवतो. मी लग्न होऊन मोखाड्याला आले. मध्ये पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. त्याचं म्हणणं असं की श्रावणात स्वस्तात माल उचलायचा, जव्हारला हलाल करून, साफ करून डीप फ्रीझरमध्ये भरायचा आणि सणवार उलटून भाव चढला की विकायचा. दुसरा फ्रीझर मोखाड्यात माझ्या पुढच्या खोलीत ठेवायचा. "आपा, तू फक्त वजन करून द्यायचं. ना पिसं, ना रक्त, ना घाण." नफ्यात निम्मा वाटा माझा. मुलीचं कॉलेज पुढच्या वर्षी नाशिकला सुरू व्हायचं होतं, खोलीचं भाडं, मेस, येणं-जाणं. निम्मा वाटा मला नको होता असं अजिबात नाही.

मी महिनाभराची मुदत मागितली. भावाला वाटलं, आपा धंद्याला घाबरते. पण बर्फात ठेवलेल्या कोंबडीचं आतून नेमकं काय होतं, हे कळल्याशिवाय ती स्वतःच्या हाताने तोलून लोकांच्या पिशवीत टाकायला मन धजत नव्हतं. लग्नाआधी मी दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होते. जुनी पुस्तकं काढली, नात्यातल्या एका पशुवैद्यांना फोन करकरून भंडावलं, आणि बाकीचं माझ्याच स्वयंपाकघरात तपासलं.

कोंबडीच्या मांसात जवळजवळ पाऊण हिस्सा पाणी असतं. शंभर ग्रॅम मांसात चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर ग्रॅम. हे पाणी मोकळं नसतं; मांसाच्या बारीक धाग्यांत, पेशींच्या आत-बाहेर, प्रथिनांनी ते धरून ठेवलेलं असतं. शून्याच्या खाली एक-दोन अंशांवर मांस गोठायला लागतं, आणि उणे पाचच्या आसपास येईपर्यंत त्यातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा मधला टप्पा किती वेळात पार पडतो, सगळी गोम तिथे आहे. झपाट्याने पार पडला तर बर्फाचे कण रव्यासारखे बारीक होतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. रेंगाळत पार पडला तर थोडेच पण मोठाले स्फटिक तयार होतात, तेही बहुतेक पेशींच्या बाहेर. ते आतलं पाणी ओढून घेतात आणि पेशींची आवरणं फाडतात. मांस वितळलं की भोक पडलेल्या पखालीसारखं पाणी गळायला लागतं. पिशवीच्या तळाशी जे गुलाबी पाणी साचतं त्याला आपण सर्रास रक्त म्हणतो. ते रक्त नसतं. रक्त हलाल करतानाच वाहून गेलेलं असतं. ते मांसातलंच पाणी, त्यात विरघळलेली प्रथिनं, क्षार आणि थोडी जीवनसत्त्वं. आपण ज्याला चव म्हणतो तीही बरीचशी त्याच पाण्याबरोबर मोरीत जाते.

मोठ्या कारखान्यांत उणे तीस-चाळीस अंशांची थंड हवा जोराने मांसावर सोडतात. ही युक्ती क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने धंद्यात आणली. कॅनडाच्या लॅब्राडॉर भागात राहत असताना त्याने पाहिलं की तिथल्या लोकांनी पकडलेला मासा बोचऱ्या वाऱ्यात बघता बघता गोठतो आणि कित्येक दिवसांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. त्यावरून १९२०च्या दशकात त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. त्याच्याही तीनशे वर्षं आधी इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन या तत्त्वज्ञाने कोंबडीच्या पोटात बर्फ भरून ती टिकते का हे पाहिलं, थंडी भरली आणि १६२६ मध्ये त्यातच तो गेला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, कोंबडी टिकवायचा हव्यास जुना आहे एवढं नक्की.

आता आपला डीप फ्रीझर घ्या. आत उणे अठरा, हवा स्थिर. तो गोठलेल्या वस्तू गोठलेल्या ठेवण्यासाठी बनवलेला असतो, गरम मांसाचा ढीग गोठवण्यासाठी नव्हे. नुकत्याच साफ केलेल्या, अंगात ऊब असलेल्या तीस-चाळीस किलो कोंबड्या एकदम त्यात टाकल्या तर कडेच्या दगड होतात आणि मधल्या कित्येक तास कोमटच राहतात. मोठे स्फटिक होतात ते असेच. भावाच्या बेतातली पहिली फट मला इथे दिसली.

दुसरी वेळेची. हलाल केल्यावर काही तासांत मांस आखडतं, मग हळूहळू पुन्हा सैल पडतं. आखडण्याच्या आधीच घाईने गोठवलं तर ते आखडणं संपत नाही, नुसतं पुढे ढकललं जातं. वितळताना मांस एकदम आवळतं, पाणी सोडतं आणि शिजल्यावर चामट लागतं. एक तर हलाल केल्यावर लगेच चुलीवर चढवावं, नाही तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून मग बर्फात टाकावं. आमची दादी फ्रीज नावाची वस्तू घरात येण्याआधीपासून पाहुण्यांसाठी कापलेली कोंबडी एक तर तासाभरात फोडणीला टाकायची, नाही तर हळद-आलं-लसूण लावून सकाळपर्यंत गार जागी झाकून ठेवायची, आणि तेही फक्त थंडीच्या दिवसांत.

तिसरी गोष्ट आधीच्याही आधीची. नाशिककडून टेम्पोत दाटीवाटीने आलेली कोंबडी तोरंगणच्या घाटातून मे महिन्याच्या उन्हात दुकानात उतरते तेव्हा चोच उघडी टाकून धापा टाकत असते. अब्बा तिला लगेच हात लावू देत नसत. सावलीत क्रेट मोकळे करायचे, पाणी दाखवायचे, तासभर जाऊ द्यायचे. सुरीला धार रोज, आणि एका कोंबडीसमोर दुसरी कापायची नाही. जनावर हलाल करायचं तर सुरी धारदार करा आणि त्याला आराम द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण त्यांना पाठ होती. मला पशुवैद्य नातेवाइकांकडून कळलं ते असं, की उन्हाने कासावीस झालेल्या, फडफडत मेलेल्या कोंबडीचं मांस फिकट आणि लिबलिबीत होतं आणि पाणी धरून ठेवत नाही. असं मांस बर्फात गेलं की आणखीच गळतं. अब्बांना हे शास्त्र माहीत नव्हतं. त्यांना कोंबडीची दया यायची, एवढंच.

मग मी तोलून पाहिलं. एकाच दिवशी, एकाच कोंबड्यांचे एक-एक किलोचे तीन वाटे केले. एक त्याच दिवशी शिजवला. दुसरा घरच्या फ्रीझरमध्ये तीन आठवडे ठेवला आणि रात्रभर खालच्या कप्प्यात वितळू दिला. तिसरा मध्ये दोनदा बाहेर काढून, वितळवून पुन्हा गोठवला, वीज गेल्यावर आपोआप होतं तसा. दुकानातल्या काट्यावर दुसरा वाटा वितळून निथळल्यावर साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरला. तिसरा नऊशेच्याही खाली. तिन्हींना मसाला एक, पातेलं एक, आच एक. ताज्याचा रस्सा घट्ट झाला. दुसरा बरा होता. घरच्यांना सांगितलं नसतं तर मुलांनी ओळखला नसता. तिसऱ्याचं मांस दोऱ्यासारखं, चावलं की तोंडात चोथा, आणि रश्शावर एक जुनाट वास. माझ्या मिस्टरांनी दुसरा घास घेतला नाही, काही बोललेही नाहीत.

तो वास चरबीचा. बर्फात जंतूंची वाढ थांबते, पण हवेतला प्राणवायू चरबीला लागायचा थांबत नाही, फक्त मंद होतो. मटणाच्या चरबीपेक्षा कोंबडीची चरबी मऊ आणि लवकर खवट होणारी. त्यात मीठ ही प्रक्रिया वाढवतं, म्हणून कबाबचा खिमा मीठ-मसाला लावून महिनोन्महिने ठेवला तर साध्या मांसाआधी त्याचीच चव बिघडते. रमजानची तयारी म्हणून शाबानमध्येच शंभर कबाब वळून फ्रीझरात ठेवणाऱ्या माझ्या वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती माझ्यावर रुसली. मीठ शेवटी, तळायच्या दिवशी घाल म्हटलं, आता घालते.

पिशवी नीट बंद नसेल तर आणखी एक खोड. फ्रीझरची कोरडी हवा मांसातला बर्फ थेट वाफ करून उडवते आणि तुकड्यावर पांढुरके, कागदासारखे डाग पडतात. त्याने कुणी आजारी पडत नाही, पण तेवढा भाग कितीही शिजवा, लाकडासारखाच राहतो. हवा दाबून काढलेली जाड पिशवी वापरली तर हे टळतं. आणि ज्याला लोक उगाच घाबरतात ते म्हणजे हाडाजवळचा काळपटपणा. बॉयलर कोंबडी वयाने लहान, हाडं सच्छिद्र. गोठवताना मगजातला रंग बाहेर झिरपतो आणि शिजल्यावर हाडाभोवती काळं-लाल दिसतं. कोंबडी नीट हलाल झाली नाही, रक्त राहिलं, असा वाद मी वलीम्याच्या दस्तरखानावर ऐकला आहे. तो रंग मगजाचा असतो, त्यात बिघाड काही नाही.

बिघाड दिसत नाही तिथे असतो. गोठवल्याने सगळे जंतू मरतात ही समजूत मी चांगल्या शिकलेल्या घरांतही पाहिली. काही मरतात. सॅल्मोनेलासारखे पुष्कळसे तग धरून बसतात आणि ऊब मिळाली की पुन्हा वाढायला लागतात. वितळताना गळालेलं पाणी तर त्यांचं आयतं जेवण. सकाळी ओट्यावर काढून ठेवलेली कोंबडी दुपारी आतून अजून दगड असते, पण तिच्या वरच्या थरावर तोवर तास-दोन तास जंतूंची चंगळ चाललेली असते. म्हणून वितळवायची ती फ्रीजच्याच खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून, आदल्या रात्री. बर्ड फ्लूचा विषाणूही बर्फाने मरत नाही, मांस आतपर्यंत सत्तर अंशांना पोचलं की मरतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा आमच्या दुकानाला कित्येक आठवडे कुलूपच होतं म्हणा. अब्बा उघडून बसायचे, गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जायचं. त्या दिवसांतही कुणी सांगत होतं की बर्फातला माल घ्या, त्याला काही होत नाही.

एवढं सगळं समजल्यावरही माझं मत फ्रीझरच्या विरुद्ध झालं नव्हतं, हे सांगायला हवं. नीट गोठवलेली, एकदाच गोठवलेली, सतत उणे अठरावर राहिलेली कोंबडी चांगली असते. अमेरिकेचं कृषी खातं अशी अख्खी कोंबडी वर्षभर आणि तुकडे नऊ महिने ठेवायला हरकत नाही म्हणतं. त्यातला "सतत" हा शब्द जव्हार-मोखाड्यात आणून ठेवा आणि मग बघा.

आमच्याकडे पाऊस म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. जूनच्या पहिल्या वादळात जंगलातून गेलेल्या तारांवर झाड पडतं. रात्री गेलेली वीज सकाळी येते, कधी दुसऱ्या दिवशी, खोडाळा-सूर्यमाळकडच्या पाड्यांत त्याहून उशिरा. झाकण न उघडता भरलेला फ्रीझर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. पण दुकानाच्या फ्रीझरचं झाकण दिवसातून पन्नास वेळा उघडतं. वर वीज आली की सगळं पुन्हा दगड होतं, आणि मधल्या रात्रीत काय झालं ते कुणाला दिसत नाही. पशुवैद्यांनी यावर एक साधी तोड सांगितली. वाटीत पाणी गोठवायचं, त्या बर्फावर एक नाणं ठेवायचं आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यायची. नाणं वर असेल तर ठीक. बुडालेलं दिसलं तर तुमच्या पाठीमागे आत सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. आपल्या घरच्या फ्रीझरातही ही वाटी ठेवून बघा. पहिल्याच पावसाळ्यात आमचं दोन रुपयांचं नाणं वाटीच्या मध्यापर्यंत गेलं.

दरम्यान भावाने नमुना म्हणून एका पुरवठादाराकडून लेग पीसची गोठवलेली पेटी मागवली होती. भाव बघून त्याचे डोळे दिपले. मी पेटी उघडून एक पाकीट हातात घेतलं. तुकडे सुटे नव्हते, एकमेकांना चिकटून वीट झालेली. पाकिटाच्या एका कोपऱ्यात गुलाबी बर्फाची जाड लादी. मांस एकदाच गोठलं असेल तर असं पाणी कोपऱ्यात जाऊन बसायला त्याला पाय फुटत नाहीत; ते आधी वितळून गळलं, एका बाजूला साचलं आणि मग पुन्हा गोठलं. वर हलालचा शिक्का होता. असेलही हलाल. पण अल्लाहने खाण्याबद्दल सांगताना हलाल या शब्दाशेजारी तय्यिब हाही शब्द ठेवला आहे, शुद्ध आणि चांगलं, आणि तो कुठल्या शिक्क्यात मावत नाही.

ही पेटी भावाला परवडली असती कारण ती कुणीतरी घेतलीच असती. कोण, हा प्रश्न मला झोपू देईना. हायवेवरचा ढाबेवाला घेत नाही. तो वर्षानुवर्षं माल बघतो, पाकीट उलटं करून कोपरा तपासतो आणि परत करतो. गावातला नोकरदार एकदा फसेल, दुसऱ्यांदा जिवंत कोंबडी समोर कापून मागेल. उरतो तो आठवडी बाजारला पाड्यावरून चालत आलेला माणूस. भात आवणीची मजुरी हातात पडली की पोरांसाठी पाव किलो, अर्धा किलो कोंबडी घेणारा. घरी फ्रीज नाही, काटा नाही. एरवी कालवणाला सुकट नाही तर बोंबील, आणि घरची गावठी कोंबडी देवाच्या कामाला किंवा पाहुण्याला राखून ठेवलेली. महिन्यातून एकदा विकतचं मांस घेणाऱ्या या माणसाला आपण पाव किलोत किती मांस देणार आणि किती बर्फ?

आणि हा माणूस कुठला, हे मी विसरू शकत नाही. याच तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे १९९२-९३ मध्ये जव्हारचं नाव देशभर गेलं. मी तेव्हा शाळेत होते. लाल दिव्यांच्या गाड्या आमच्या दुकानावरून जायच्या आणि अब्बा सुरी खाली ठेवून बघत राहायचे. आज अंगणवाड्यांतून अमृत आहार योजनेत गरोदर बायांना एक वेळचं जेवण आणि लहान मुलांना अंडी मिळतात, परिस्थिती तीच आहे असं म्हणणार नाही. पण ज्या घरात मुलाच्या पोटात किती प्रथिनं गेली याचा हिशोब सरकार ठेवतं, त्या घराला गळालेलं पाणी मांसाच्या भावाने विकणं मला जमणार नव्हतं.

हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो चिडला. "आपा, सगळे विकतात. मी एकट्यानेच काय गुन्हा केला? आणि वजन तर काट्यावर बरोबरच दाखवतो ना!" त्याचं खोटं नव्हतं. काट्यावर किलो म्हणजे किलोच. गोठलेलं पाणीही काट्यावर बसतं.

मी त्याला वाद घातला नाही, एक वाकया आठवण करून दिला, तो त्याला मदरशापासून माहीत होता. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात. वर कोरडं, आत ओलं. व्यापारी म्हणतो, पावसाने भिजलं. तेव्हा प्रेषित (स.) विचारतात की मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं; आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असं सुनावतात. त्या व्यापाऱ्याने स्वतः पाणी घातलं नव्हतं, हे लक्षात घ्या. पाऊस त्याच्याही हातात नव्हता, जशी वीज आपल्या हातात नाही. भिजलेलं धान्य विकूच नको असंही त्याला सांगितलं नाही. भिजलेलं वर ठेव, एवढंच.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे गोठवलेलं वर ठेवायचं." मी म्हटलं, "हो. आणि स्वस्त ठेवायचं."

शेवटी ठरलं ते दोघांनाही पुरतं पसंत नव्हतं. जव्हारला एकच फ्रीझर आला, इन्व्हर्टरसकट. त्यात एका वेळी दहा-बारा किलोपेक्षा जास्त नवा माल जात नाही. आदल्या दिवशी फ्रीजमध्ये गार झालेला, चपट्या पिशव्यांत पसरून, म्हणजे थंडी लवकर आत शिरते. पिशवीवर तारीख. समोर पाटी, गोठवलेला माल, भाव वेगळा, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर वितळवून, निथळून तोलून द्यायचं. एकदा वितळलेलं परत आत जात नाही. श्रावणात भरून ठेवून दिवाळीत विकायचा बेत बारगळला, कारण एवढ्या अटींत भावातला फरक उरतच नाही. मोखाड्यात माझ्याकडे फ्रीझर नाही. आठवड्यातून दोन दिवस आणि बाजारच्या दिवशी जिवंत कोंबड्यांचे क्रेट येतात, हलाल करायला भावाचा माणूस असतो, पिसं-रक्त-घाण सगळं आहे. उरलेलं संध्याकाळी घरच्या फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत विकलं नाही तर आमच्या पातेल्यात. नफा भावाने दाखवलेल्या आकड्याच्या आसपासही जात नाही. मुलीच्या पहिल्या वर्षाच्या खोलीचं डिपॉझिट मी बचत गटातून घेतलं, त्याचा हप्ता अजून चालू आहे.

घरच्या फ्रीझरबद्दल मात्र थोडं बोलते, कारण गेली काही वर्षं बकरी ईद पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन पावसात येते आहे. २०२३ मध्ये तर २९ जूनला ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली आणि ठिकठिकाणच्या लोकांनी एकादशी जाऊ देऊन दुसऱ्या दिवशी कुर्बानी केली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या फ्रीजची झाकणं लागत नव्हती. मटण कोंबडीपेक्षा बर्फात बरं टिकतं, पण नियम तोच: गरम मांस एकावर एक कोंबलं की आतलं कुजायला वेळ मिळतो. हदीसमध्ये येतं की एका वर्षी उपासमारीने गांजलेले लोक मदीनेत आले होते म्हणून कुर्बानीचं मांस तीन दिवसांपलीकडे साठवायला मनाई झाली, आणि पुढच्या वर्षी अडचण सरल्यावर खा, वाटा आणि साठवाही अशी मोकळीक मिळाली. मला त्यात साठवण्याचा क्रम शेवटचा दिसतो. फ्रीझर घरी येण्याआधी तो आपोआप शेवटचाच होता.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. भाऊ कुटुंबासह भिवंडीला निकाहला गेला होता, दोन रात्री. परत आला आणि मला फोन केला. "आपा, नाणं तळाला गेलंय." इन्व्हर्टर कधी संपला, वीज किती तास नव्हती, काही कळायला मार्ग नव्हता. आत अकरा किलो माल, हाताला दगडासारखा, वासाला काही नाही. त्याच्या नोकराने सुचवलं की मागच्या झोपड्यांत वाटून टाकू, सदका होईल. भावाने मला विचारलं. मी त्याला सूरह बकरात काय सांगितलंय ते सांगितलं, की जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर डोळे मिटल्याशिवाय आपण घेणार नाही, ती अल्लाहच्या वाटेवर काढू नये. तो म्हणाला, "मग मी घेतो का ते बघतो," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्याने दुकानामागे खड्डा खणला, अकरा किलो त्यात टाकून वर चुना पसरला. फ्रीझर धुतला. वाटीत नवं पाणी भरून आत ठेवलं. पाणी गोठायला रात्र जाणार होती, म्हणून नाणं तोवर त्याने खिशात ठेवलं.